पिनिअल भागातील गाठ: आधी दुर्बिणीने तुकडा घ्यावा की थेट शस्त्रक्रिया करावी?

डिचोलीकर

नमस्कार. माझा भाचा १९ वर्षांचा आहे आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. यंदा चवथीच्या आदल्या दिवशी आम्ही घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधत होतो. तो स्टुलावर उभा राहून सुपारीचे घोस आणि तोरिंगणे दोरीला अडकवत होता, आणि दर वेळी गाठ मारताना त्याला मान अगदी पाठीपर्यंत मागे टाकावी लागत होती. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "मामा, डोळे वर जातच नाहीत." त्याआधी दोन महिने सकाळी उठल्यावर त्याचे डोके दुखत असे आणि उलटी झाली की बरे वाटत असे. ते पित्त समजून आम्ही घरगुती उपाय करत राहिलो, मध्ये एकदा चष्म्याचा नंबरही तपासून घेतला.

एमआरआयमध्ये मेंदूच्या ऐन मध्यभागी, पिनिअल ग्रंथीच्या जागी, २.८ सेंटीमीटरची गाठ दिसली असून मेंदूतल्या पोकळ्या पाण्याने फुगलेल्या आहेत. आम्ही दोन न्यूरोसर्जनना भेटलो. पहिले म्हणाले की, कवटीला लहान छिद्र पाडून दुर्बिणीने आधी पाण्याला वाट करून देऊ, त्याच वेळी गाठीचा बारीक तुकडा तपासणीसाठी घेऊ आणि पुढचे अहवाल आल्यावर ठरवू. दुसरे, राज्याबाहेरचे, म्हणाले की डोक्याच्या मागच्या बाजूने कवटी उघडून, रुग्णाला बसवलेल्या स्थितीत ठेवून, गाठ थेट काढावी. दोघेही अनुभवी आहेत आणि दोघांनीही आम्हांला भरपूर वेळ दिला. मात्र घरात आता दोन तट पडले आहेत. गाठ आहे हे कळल्यावर तुकडा कसला काढता, पूर्णच काढा, असे माझी बहीण म्हणते.

कोणते डॉक्टर बरोबर, हे मला विचारायचे नाही. एकाच गाठीसाठी इतके वेगळे मार्ग का सुचवले जातात आणि निवड कशावरून होते, हे जाणकारांनी समजावून सांगितले तर आम्हांला शांतपणे निर्णय घेता येईल.

फोंड्याचा निवृत्त सर्जन

डिचोलीकर, माटोळीखाली आपल्या जे लक्षात आले, ते या जागेच्या गाठीचे सर्वांत बोलके लक्षण आहे. पिनिअल ग्रंथी वाटाण्याएवढी असते आणि ती मध्यमेंदूच्या पाठीवर टेकलेली असते. डोळे वर नेणारे मज्जातंतू नेमके तेथूनच जातात. एकोणिसाव्या शतकात आंरी परिनो या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाने या दोषाचे वर्णन केले, म्हणून आजही त्याला परिनो सिंड्रोम म्हणतात. त्याच जागी मेंदूतले पाणी तिसऱ्या पोकळीतून चौथ्या पोकळीत नेणारी, जेमतेम एकदोन मिलिमीटर रुंदीची नळी आहे. गाठीने ती दाबली की वरच्या पोकळ्या तुंबतात. सकाळची डोकेदुखी आणि उलटी गाठीपेक्षा या तुंबलेल्या पाण्याची असते.

म्हणून पहिली गोष्ट अशी की, आपल्यापुढे एक नव्हे, दोन प्रश्न आहेत. पाणी हा तातडीचा प्रश्न आहे आणि गाठ हा विचार करून सोडवण्याचा प्रश्न आहे. मुलाला झोपाळूपणा येऊ लागला, उलट्या वाढल्या किंवा दृष्टी अंधूक झाली, तर कोणाच्याही दुसऱ्या मताची वाट न पाहता त्याच रात्री बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) आपत्कालीन विभागात घेऊन जा.

आता गाठीविषयी. मेंदूच्या पृष्ठभागावरची गाठ आणि खोलवरची गाठ यांच्यातला फरक केवळ अंतराचा नाही. पृष्ठभागावर सर्जन गाठीपाशी थेट पोहोचतो. खोलवर जाताना वाटेत जे लागते त्याला इजा न करता जावे लागते, आणि पिनिअलच्या भोवती मेंदूच्या सर्व खोल शिरा एकत्र येऊन गेलनच्या मोठ्या शिरेला मिळतात. त्यांतली एखादी महत्त्वाची शीर फाटली किंवा बंद झाली तर रुग्ण बेशुद्धीतून बाहेर न येण्याचाही धोका असतो. त्यामुळे या भागात "मेंदू कापून आत जाणे" असे सहसा करत नाहीत. निसर्गाने ठेवलेल्या फटींतून, दोन अवयवांच्या मधून वाट काढली जाते.

मागच्या बाजूने जी वाट आपल्याला सुचवली गेली ती अशीच एक फट आहे. डोक्याच्या मागे खालच्या भागात लहान मेंदू असतो आणि त्याच्यावर तंबूच्या कापडासारखे ताणलेले एक जाड आवरण असते. या दोहोंमधून सरळ पुढे गेले की समोर गाठ येते. फेडोर क्राउझे या जर्मन सर्जनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ही वाट वापरली, पण तेव्हा मायक्रोस्कोप नव्हता आणि एकूणच पिनिअलच्या शस्त्रक्रियांत इतके रुग्ण दगावत की पुढे अनेक दशके बहुतेक सर्जन गाठीला हात न लावता केवळ शंट, म्हणजे तुंबलेले पाणी बाहेर वळवणारी नळी, बसवून किरणोपचार देत असत. १९७१ साली बेनेट स्टाइन यांनी मायक्रोस्कोपच्या साहाय्याने तीच वाट पुन्हा प्रचारात आणली. रुग्ण बसलेला असला की लहान मेंदू स्वतःच्या वजनाने खाली उतरतो, त्याला फारसे ओढावे लागत नाही, आणि खोल शिरा बहुतेक वेळा गाठीच्या वर राहतात. मी स्वतः ती फट उघडताना अनेकदा पाहिली आहे. वरच्या आवरणाला चिकटलेल्या बारीक शिरा सोडवल्यावर लहान मेंदू हळूहळू खाली बसतो आणि मायक्रोस्कोपच्या प्रकाशात आधी एक दुधी, जाडसर पडदा दिसतो; तो उघडेपर्यंत गाठीचा रंगही कळत नाही.

दुसरी वाट वरून आहे. मेंदूच्या मागच्या पाळीला बाजूला सारून, तोच तंबू कापून खाली उतरतात. पॉपेन यांनी १९६६ मध्ये ती मांडली. गाठ तंबूच्या कडेच्या वर चढलेली असेल तर ही वाट सोयीची असते, पण दृष्टीचे केंद्र त्याच पाळीत असल्यामुळे दोन्ही डोळ्यांच्या एकाच बाजूचे दिसणे काही काळ, क्वचित कायमचे, जाऊ शकते. तिसरी वाट दोन्ही अर्धगोलांच्या मधून, त्यांना जोडणाऱ्या तंतूंच्या पट्ट्यातून जाते. वॉल्टर डँडी यांनी ती १९२१ मध्ये वर्णन केली आणि आज ती निवडक रुग्णांसाठीच वापरली जाते.

मात्र वाट कोणती, या प्रश्नाआधी एक प्रश्न येतो, आणि आपल्या घरातल्या वादाचे उत्तर तेथे आहे: गाठ कोणत्या जातीची आहे? या एका जागी अनेक जातींच्या गाठी होतात. किशोरवयीन आणि तरुण मुलग्यांमध्ये जर्मिनोमा ही जात विशेष आढळते. ती कर्करोगाच्या वर्गातली असली तरी किरणोपचाराला इतका चांगला प्रतिसाद देते की केवळ त्याच जातीची गाठ असेल तर दहांपैकी नऊपेक्षा जास्त रुग्ण बरे होतात, आणि त्यासाठी ती कापून काढण्याची गरजच नसते. जी गाठ किरणांनी विरघळणार आहे, तिच्यासाठी या मुलाला खोल शिरांच्या मधल्या शस्त्रक्रियेचा धोका का द्यावा? दुसऱ्या टोकाला पक्व टेराटोमा किंवा संथ वाढणारी पिनिओसायटोमा आहे. तेथे किरणांचा उपयोग कमी आणि गाठ पूर्ण काढणे हाच उपचार.

म्हणून रक्तातील एएफपी आणि बीटा एचसीजी (काही जातींच्या गाठी रक्तात सोडतात ते पदार्थ) या दोन चाचण्या झाल्या आहेत का, ते पाहा. त्यांपैकी एएफपी स्पष्ट वाढलेले असेल तर तुकडाही न घेता आधी केमोथेरपी सुरू करता येते आणि नंतर जे उरेल ते काढले जाते. या चाचण्या मेंदूच्या पाण्यातही करतात, पण पाणी तुंबलेले असताना पाठीच्या कण्यातून सुई घालून ते काढणे धोक्याचे असते. दुर्बिणीच्या वेळी ते आयतेच मिळते. तसेच या गाठी पाण्यावाटे खाली उतरू शकतात, म्हणून कण्याचा एमआरआयही शक्यतो शस्त्रक्रियेआधी करून घ्या.

चाचण्या सामान्य आल्या तर, या वयाच्या मुलासाठी, मी पहिल्या डॉक्टरांच्या बाजूने कौल देईन. आपल्या बहिणीला एवढे सांगा की तुकडा घेणे म्हणजे अर्धवट शस्त्रक्रिया नव्हे. मोठी शस्त्रक्रिया करावी की नाही हे त्यावरूनच कळते.

पेडणेकर, सध्या मुंबई

मी मुंबईत न्यूरोसर्जरी विभागात काम करतो. डॉक्टरसाहेबांनी लिहिलेले सर्व मला मान्य आहे, तरी दुसऱ्या सर्जनच्या सल्ल्यामागेही ठोस कारणे असू शकतात, ती मांडणे मला आवश्यक वाटते.

दुर्बिणीतून मिळणारा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा असतो. पिनिअलच्या गाठींत मिश्र जातीच्या गाठी बऱ्याच असतात, आणि एका कोपऱ्यातला दाणा जर्मिनोमाचा निघाला म्हणून उरलेली गाठही तशीच आहे, असे खात्रीने म्हणता येत नाही. म्हणूनच अहवाल, रक्तातील चाचण्या आणि एमआरआय ही तिन्ही एकमेकांशी जुळतात का, हे पाहावे लागते. जुळत नसतील तर पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. शिवाय तुकडा घेताना गाठीतून रक्तस्राव झाला तर दुर्बिणीच्या अरुंद नळीतून तो थांबवण्याची साधने मोजकीच असतात. सर्जन सलाईनची धार सोडत राहतो आणि पाणी निवळेपर्यंत थांबतो. उघड्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव होणारी जागा समोर असते.

एमआरआयमध्ये गाठीत चरबी आणि कॅल्शियम दिसत असेल तर टेराटोमाचा संशय बळावतो, आणि मग थेट काढण्याचा सल्ला योग्य ठरतो. दुसरे असे की, डोक्याच्या उभ्या छेदाच्या चित्रांत खोल शिरा गाठीच्या वर ढकलल्या गेल्या आहेत की खाली, हे दोन्ही सर्जनना विचारा. त्या वर असतील तर खालची, लहान मेंदूवरची वाट सोपी. आवरणापासून उगवलेल्या मेनिंजिओमासारख्या गाठी मात्र त्याच शिरांना कधी कधी खाली ढकलतात, आणि तेव्हा खालून गेलेल्या सर्जनला गाठीच्या आधी शिराच लागतात. दोन सर्जनचे मत वेगळे पडले की नातेवाइकांना वाटते, यांच्यापैकी कोणाला तरी कळत नाही. पुष्कळदा दोघांनी त्याच चित्रांतल्या वेगवेगळ्या गोष्टींना वजन दिलेले असते.

भूलतज्ज्ञ, म्हापसा

बसवून केलेल्या शस्त्रक्रियेचा उल्लेख झाला आहे, म्हणून माझ्या बाजूचे लिहिते. नातेवाइकांशी सर्जन याविषयी बोलतात, आम्ही भूलतज्ज्ञ मात्र बहुधा आदल्या दिवशी पाच मिनिटे भेटतो, आणि ते पुरेसे नसते.

बसलेल्या रुग्णाचे डोके हृदयाच्या वर असते. त्यामुळे डोक्याकडच्या शिरांतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होऊ शकतो आणि एखादी शीर उघडी राहिली तर रक्त बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. ती हवा हृदयाच्या उजव्या बाजूला जमून रक्ताभिसरण अडवू शकते. हे टाळण्यासाठी छातीवर डॉप्लरचे यंत्र लावतात आणि संपूर्ण वेळ त्याचा आवाज ऐकत राहतात. हवा आली की लयीत चाललेला तो आवाज क्षणात खरखरीत होतो आणि उच्छ्वासातले कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण एकदम खाली येते. मग आम्ही सर्जनना थांबवतो, ते जखम सलाईनने भरून टाकतात, आम्ही मानेतल्या शिरेतून हृदयापर्यंत सोडलेल्या नळीने हवा ओढून घेतो आणि गरज पडल्यास टेबल खाली करतो.

आपण आवर्जून विचारायची गोष्ट म्हणजे हृदयाची इकोकार्डिओग्राफी. साधारण चारांपैकी एका माणसाच्या हृदयात जन्मापासूनचे एक लहानसे छिद्र पूर्ण मिटलेले नसते. एरवी त्याने काही बिघडत नाही, पण या स्थितीत त्यातून हवा डाव्या बाजूला जाऊन थेट मेंदूकडे पोहोचू शकते. असे छिद्र आढळले तर बहुतेक चमू रुग्णाला बसवत नाहीत. पालथे झोपवून डोके खाली वाकवलेल्या किंवा कुशीवरच्या स्थितीत शस्त्रक्रिया करतात. लहान मेंदू तेव्हा तितका आपसूक खाली उतरत नाही आणि सर्जनचे हात अवघडतात, पण काम होते.

कुळागरातली ताई, काणकोण

मी डॉक्टर नाही. माझ्या यजमानांची याच जागेची गाठ ते ४७ वर्षांचे असताना मागच्या बाजूने कवटी उघडून काढली. ती पिनिओसायटोमा होती आणि पूर्ण निघाली. शस्त्रक्रिया सात तास चालली.

कोणी आम्हांला आधी नीट सांगितले नव्हते ते सांगते. शस्त्रक्रियेनंतर डोळे सुधारण्याऐवजी काही आठवडे अधिकच बिघडले. सर्व दोन दोन दिसायचे. पायऱ्या उतरताना मी पुढे चालायचे आणि ते माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरायचे. आमचे कुळागर आहे. पाडेली माडावर चढला की हे खाली उभे राहून कोणता घोस पाडायचा ते सांगत असत. त्या वर्षी त्यांना वर पाहताच येईना, तेव्हा नारळ पडल्याच्या आवाजावरून ते हिशेब ठेवत. एका डोळ्यावर पट्टी बांधून दिवस काढले. साडेचार महिन्यांनी दोन दिसणे थांबले. वर पाहणे पूर्वीइतके कधीच आले नाही, पण मान उचलून ते भागवतात आणि गाडी पुन्हा चालवतात.

मामा, आपल्या बहिणीला माझा निरोप द्या. गाठ डोक्यात राहते आहे हा विचार आईला सहन होत नाही, ते मला पुरते ठाऊक आहे. पण आमची गाठ काढण्याचीच होती म्हणून आम्ही हे सोसले. काढावीच लागणार नसेल तर ते टळू द्या.

डिचोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. आपली उत्तरे मी छापून बहिणीला वाचायला दिली. काणकोणच्या ताईंचा निरोप तिने दोनदा वाचला आणि मग पहिल्या डॉक्टरांना होकार दिला.

रक्तातील दोन्ही चाचण्या मर्यादेत आल्या आणि कण्याच्या एमआरआयमध्ये काही आढळले नाही. एमआरआयमध्ये चरबी दिसत नाही, आणि खोल शिरा गाठीच्या वर आहेत, असे दोन्ही सर्जननी स्वतंत्रपणे सांगितले. गेल्या बुधवारी दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आपणहून पेज मागितली आणि डोके दुखत नसल्याचे सांगितले. दोन महिन्यांतली ती पहिली सकाळ. डोळे मात्र अजून वर जात नाहीत. तुकड्याचा अहवाल यायचा आहे.

एक शंका आहे. एकच छिद्र पाडणार असे आधी सांगितले होते, पण उजव्या बाजूला केसांच्या रेषेमागे दोन जखमा आहेत, एक पुढे आणि एक दोन बोटे मागे. काही अडचण आली असेल का? विचारायला संकोच वाटला.

फोंड्याचा निवृत्त सर्जन

संकोच करू नका, पुढच्या भेटीत अवश्य विचारा. पण मला यात काळजीचे काही दिसत नाही. पाण्याला वाट करण्यासाठी तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडतात आणि गाठ त्याच पोकळीच्या मागच्या टोकाला असते. दोन्हीकडे जाताना दुर्बीण एकाच अरुंद दारातून आत जाते, आणि त्या दाराच्या कडेला फॉर्निक्स नावाचा, स्मरणशक्तीशी निगडित असलेला तंतूंचा गोफ आहे. सरळ, न वाकणारी दुर्बीण तळाकडे नेण्यासाठी मागचे छिद्र सोयीचे आणि गाठीकडे नेण्यासाठी पुढचे. एकाच छिद्रातून दोन्ही कामे करण्याच्या हट्टाने दुर्बीण तिरकी केली तर ती त्या गोफावर रेटली जाते. आपल्या सर्जननी ते टाळण्यासाठीच दुसरे छिद्र पाडले असावे.

अहवाल आला की मूळ काचपट्ट्या आणि मेणातला नमुना रुग्णालयात जपून ठेवण्यास सांगा. पुढे टाटा मेमोरिअल किंवा निम्हान्ससारख्या ठिकाणी दुसरे मत घ्यायचे झाले तर कागदी अहवालापेक्षा तेच मागितले जाते. आणि केमोथेरपीचा विषय निघाला, तर ती सुरू होण्याआधी वीर्य गोठवून ठेवण्याविषयी मुलाशी डॉक्टरांनाच एकट्याने बोलू द्या. १९ वर्षांचा मुलगा मामा आणि आईसमोर त्याविषयी बोलणार नाही.